शिक्का खरा, मजकूर खोटा

एक्स्ट-४ ही लिनक्समधली सर्वांत रुळलेली फाइल सिस्टिम. ती डिस्कवरची जागा ब्लॉकच्या गटांमध्ये वाटते आणि सोयीसाठी काही गटांची मिळून एक मोळी बांधते. एका मोळीत किती गट, हे डिस्कवर थेट लिहिलेलं नसतं; तिथे फक्त घातांक असतो. ४ लिहिलं असेल तर दोनाचा चौथा घात, म्हणजे १६ गट. हा घातांक एका बाइटमध्ये मावतो. २००९ मध्ये लक्षात आलं की त्या बाइटमध्ये भलताच आकडा असला तर गटांची संख्या शून्य निघू शकते, पुढे त्याच शून्यानं भागाकार होतो आणि डिस्क माउंट करता करता कर्नल कोसळतं. दुरुस्ती झाली. १ हा अंक तितकी घरं डावीकडे सरकवायचा, आणि उत्तर २ पेक्षा लहान आलं तर मोळी बांधायचीच नाही, असं ठरलं.

दोन वर्षांहून अधिक काळ ही दुरुस्ती पुरेशी वाटली. जानेवारी २०१२ मध्ये एमआयटीतले संशोधक शी वांग यांनी दाखवून दिलं की ती टिकत नाही. समजा त्या बाइटमध्ये ३६ आहे. ३२ बिटांच्या संख्येत १ ला ३६ घरं सरकवलं तर पॉवरपीसी प्रोसेसर शून्य देतो आणि तपासणी चोख चालते. पण घराघरांत असलेला एक्स-८६ प्रोसेसर सरकवण्याच्या आकड्याचे शेवटचे पाचच बिट पाहतो. ३६ चे पाच बिट म्हणजे ४, म्हणून उत्तर येतं १६. तपासणीला वाटतं, सगळं ठीक आहे. याहून गंभीर गोष्ट पुढेच होती. संख्येच्या रुंदीइतकं किंवा त्याहून जास्त सरकवणं सी भाषेच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे असं कधी घडणारच नाही असं धरून चालायची कंपायलरला मुभा असते. तसं धरलं तर १ सरकवून शून्य येणं शक्यच नाही, आणि मग शून्याची तपासणी कशाला हवी? त्या वेळच्या क्लँग ३.० या कंपायलरनं ती खरोखरच काढून टाकली. कोडमध्ये ओळ होती, कंपायलरनं तयार केलेल्या प्रोग्रॅममध्ये शून्याच्या तपासणीचा मागमूस नव्हता.

शेवटची दुरुस्ती अगदी साधी आहे. आधी तो घातांकच बघायचा, १ ते ३१ मध्ये असेल तरच पुढे जायचं, आणि हिशेब नंतर करायचा. डिस्कवरच्या आकड्याची परीक्षा त्याचा वापर करण्याआधी घ्यायची, वापरून आलेल्या उत्तरावरून नाही. ऐकायला हे सोपं वाटतं, पण फाइल सिस्टिम लिहिणाऱ्या अत्यंत हुशार माणसांनाही ते अंगी बाणवायला काही दशकं लागली. डिस्कवर जे लिहिलेलं आहे त्यावर कर्नलनं किती विश्वास ठेवावा, कुठे अडवावं आणि अडवल्यावर काय करावं, या प्रश्नाचा हा आढावा.

मेटाडेटा म्हणजे काय, हे समजायला आपल्याकडे सातबारा आहे. जमीन शेतात असते, पण कचेरीला ती कागदातूनच दिसते. फाइल सिस्टिमचंही तसंच. तुमचा फोटो, तुमचं पत्र ही जमीन झाली. कोणता ब्लॉक कुणाचा, फाइल किती मोठी, तिचं नाव कोणत्या फोल्डरमध्ये नोंदलेलं आहे, हे सगळं दप्तर म्हणजे मेटाडेटा. दप्तराच्या अगदी आरंभी सुपरब्लॉक असतो. एक्स्ट कुळात तो डिस्कभागाच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर असतो आणि त्यात ओळखीसाठी षोडशमान पद्धतीत ईएफ५३ हा अंक असतो. प्रत्येक फाइलचा एक आयनोड असतो. तो खातेदाराच्या आठ-अ सारखा: या खात्यावर कोणकोणते ब्लॉक आहेत ते सांगणारा. कोणता ब्लॉक व्यापलेला आणि कोणता मोकळा, हे वेगळ्या नकाशात असतं. बदल करण्याआधी त्याची नोंद करायची वही म्हणजे जर्नल, आपल्या फेरफाराच्या वहीची चुलत बहीण. सातबारा, आठ-अ आणि फेरफार एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर एकाच जमिनीवर दोघे नांगर घेऊन उभे राहतात. डिस्कवर हे घडतं तेव्हा दोन फाइली एकाच ब्लॉकमध्ये लिहितात आणि दोन्ही नासतात.

युनिक्सच्या पहिल्या पिढीत या दप्तरावर अविश्वास दाखवायचं कारणच नव्हतं. वाचणारा कोड आणि लिहिणारा कोड एकच, डिस्क त्याच खोलीत, आणि तिला हात लावणारी माणसं ओळखीची. भीती एकाच गोष्टीची होती: लिहिता लिहिता वीज गेली तर? त्यासाठी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेड कोवाल्स्की यांनी एफएससीके हा प्रोग्रॅम लिहिला, आणि पुढे बर्कलीत मार्शल कर्क मॅक्युसिक यांच्यासह त्याचं वर्णनही प्रसिद्ध केलं. डिस्क माउंट होण्याआधी हा प्रोग्रॅम पाच टप्प्यांत पूर्ण दप्तर तपासतो: ब्लॉक आणि त्यांचे आकार, मग नावं आणि मार्ग, मग कोणता फोल्डर झाडापासून तुटला आहे का, मग दुव्यांची मोजदाद आणि शेवटी मोकळ्या जागेचे नकाशे. याला गावाची संपूर्ण मोजणी म्हणा. एक्स्ट-४ साठीचा आजचा तपासनीसही पाचच टप्प्यांत चालतो.

डिस्क वाढल्या तशी ही मोजणी मिनिटांवरून तासांवर गेली. म्हणून जर्नल आलं. व्हेरिटासची व्हीएक्सएफएस ही १९९१ ची फाइल सिस्टिम त्यातली एक आरंभीची, आणि तिच्यावर पुण्यातल्या अभियंत्यांनीही वर्षानुवर्षं काम केलं आहे. एक्स्ट-३ ही जर्नल असलेली फाइल सिस्टिम लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये २००१ मध्ये आली. वीज गेली की जर्नलमधल्या पूर्ण नोंदी पुन्हा लागू करायच्या, अर्धवट सोडून द्यायच्या, आणि काही सेकंदांत काम सुरू. पण जर्नल एवढीच हमी देतं की बदल पूर्ण लागेल किंवा मुळीच लागणार नाही. नोंदलेला बदल बरोबर होता की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय जर्नल स्वतःही डिस्कवरच असतं. कुणी मुद्दाम रचलेलं जर्नल डिस्कवर ठेवलं तर कर्नल ते आज्ञाधारकपणे लागू करू पाहील. एक्स्ट-४ ची डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केली तरी एरवी जर्नल लागू होतंच. ते टाळायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. न्यायवैद्यक तपासात पुरावा म्हणून आलेली डिस्क हाताळणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी.

विजेखेरीज दुसरा शत्रू आहे तो मुकाट्यानं होणाऱ्या बिघाडाचा. डिस्क म्हणते 'लिहिलं', पण लिहिलेलं नसतं. किंवा लिहिते, पण भलत्याच जागी. किंवा काही बिट उलटतात आणि कुणाला कळत नाही. हे किती वेळा घडतं, याची मोठी मोजदाद लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडली. १५ लाख ३० हजार डिस्क, ४१ महिने, आणि चेकसम न जुळल्याच्या ४ लाखांहून अधिक घटना. स्वस्त डिस्कमध्ये हे प्रमाण महागड्या डिस्कच्या सुमारे दहापट निघालं. त्याआधी, २००५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात विजयन प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी एक्स्ट-३, रायझरएफएस, जेएफएस आणि एनटीएफएस यांना मुद्दाम खराब ब्लॉक खाऊ घातले. निष्कर्ष वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं. एकाच फाइल सिस्टिममध्ये एका ठिकाणी चूक पकडली जाते, दुसऱ्या ठिकाणी तसलीच चूक दुर्लक्षिली जाते, तिसऱ्या ठिकाणी तीच चूक कर्नल पाडते. धोरण असं कुठेच नव्हतं. ज्यानं जो भाग लिहिला त्याच्या त्या दिवसाच्या सवयीवर सगळं सोडलेलं.

या शत्रूवरचं उत्तर म्हणजे चेकसम. मजकुरावरून एक लहान संख्या काढायची, सोबत ठेवायची, आणि वाचताना पुन्हा काढून ताडायची. एक्स्ट-४ मध्ये सर्व मेटाडेटासाठी चेकसमची सोय २०१२ मध्ये कर्नल ३.५ बरोबर आली, एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमचा नवा आराखडा २०१३ मध्ये ३.१० बरोबर. दोघांनीही सीआरसी-३२-सी निवडला, कारण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सूचना आलेली होती आणि तो काढण्याचा खर्च जवळजवळ जाणवत नाही.

पण चेकसम कुठे ठेवायचा आणि त्यात काय काय मिसळायचं, यातच खरी कारागिरी आहे. ब्लॉक भलत्याच जागी लिहिला गेला तर त्याच्या पोटातला चेकसम जुळतोच. पत्र अस्सल, फक्त दुसऱ्याच्या घरी टाकलेलं. म्हणून एक्सएफएस प्रत्येक मेटाडेटा ब्लॉकमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता, मालक आणि फाइल सिस्टिमची ओळख लिहून ठेवतं, आणि एक्स्ट-४ आयनोडचा चेकसम काढताना त्यात आयनोडचा क्रमांक मिसळतं. तरी एक फट उरते. नवा मजकूर लिहिलाच गेला नाही आणि त्याच जागी जुना मजकूर जुन्या चेकसमसह शाबूत राहिला, तर? ब्लॉककडे बघून हे कळणं शक्य नाही. सन कंपनीच्या झेडएफएस या फाइल सिस्टिमनं यावर सुंदर तोडगा काढला: चेकसम ब्लॉकात न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकात ठेवला. लिनक्समधल्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये वरचा ब्लॉक खालच्याची पिढी, म्हणजे तो कोणत्या व्यवहारात लिहिला गेला, हे लक्षात ठेवतो. बीटीआरएफएस वापरणाऱ्यांना 'पेरेंट ट्रान्सिड व्हेरिफाय फेल्ड' हा संदेश धडकी भरवतो. तो दिसला की समजायचं, डिस्कनं कुठेतरी लिहिल्याची खोटी ग्वाही दिली असण्याचा दाट संभव आहे.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण जाणकारांचीही इथे गफलत होते. चेकसम एवढंच सांगतो की शिक्का मारल्यानंतर कागद बदललेला नाही. कागदावर लिहिलेलं खरं आहे, असं तो कधीच सांगत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घ्या. त्यात कुणी मागाहून खाडाखोड केली तर ती पकडली जाईल. पण फेरफारातच चुकीचं नाव चढलं असेल तर त्या चुकीच्या नावाखालीही स्वाक्षरी अस्सलच असते. डिस्कवर हे दोन वाटांनी घडतं. पहिली वाट मेमरीची. मजकूर मेमरीत असतानाच एखादा बिट उलटतो, मग फाइल सिस्टिम त्याच्यावर इमानेइतबारे चेकसम काढते आणि दोन्ही डिस्कवर पाठवते. विस्कॉन्सिनच्याच गटानं २०१० मध्ये झेडएफएसवर हे प्रयोग केले. डिस्कच्या बिघाडापुढे झेडएफएस भक्कम ठरली, मेमरीच्या बिघाडापुढे नाही. दुसरी वाट हल्लेखोराची. चेकसम काढायची रीत सर्वांना खुली आहे. ज्याला खोटा मजकूर लिहिता येतो त्याला त्यावर खरा चेकसमही मारता येतो.

म्हणून चेकसमच्या पलीकडे अर्थाची तपासणी लागते. या प्रश्नाचा माझ्या मते सर्वांत समृद्ध भाग हाच, आणि तो एखाद्या लहानशा नोंदीतच नीट दिसतो.

एक्स्ट कुळातल्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलची नोंद अशी असते: चार बाइटांत आयनोडचा क्रमांक, दोन बाइटांत ही नोंद किती लांब, एका बाइटात नावाची लांबी, एका बाइटात प्रकार, मग नाव. पुढची नोंद शोधायची तर चालू जागेत नोंदीची लांबी मिळवायची. आता ती लांबी शून्य असेल तर? पुढची नोंद म्हणजे हीच नोंद. कर्नल तिथेच गोल गोल फिरत राहील, आणि बाहेरून एवढंच दिसेल की 'एलएस' आज्ञा दिली आणि उत्तरच येत नाही. लांबी ब्लॉकच्या बाहेर जाणारी असेल तर कर्नल शेजारची मेमरी नावं म्हणून वाचेल. म्हणून लांबी निदान १२ हवी, तिला चारानं निःशेष भाग जायला हवा, नावाची लांबी तिच्यात मावायला हवी, नोंद ब्लॉकची हद्द ओलांडता कामा नये आणि आयनोडचा क्रमांक एकूण आयनोडच्या संख्येत बसायला हवा. आठ बाइटांच्या डोक्यासाठी पाच प्रश्न, आणि यातला एकही वगळता येत नाही.

एवढं करूनही नाव उरतंच. युनिक्सच्या जगात फाइलच्या नावात तिरपी रेघ येऊच शकत नाही, कारण ती मार्गाचे तुकडे पाडते. पण बिघडलेल्या डिस्कवर ती असू शकते. तसं नाव एखाद्या साध्या प्रोग्रॅमच्या हाती गेलं तर तो भलत्याच फोल्डरमध्ये पोहोचेल. ही तपासणी प्रत्येक फाइल सिस्टिमनं आपापली करावी की वरच्या थरानं सर्वांसाठी एकदाच, यावर बरीच चर्चा झाली. २०१९ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी ती वरच्या थरातच घातली: नाव रिकामं असेल किंवा त्यात तिरपी रेघ असेल तर चूक म्हणून परत पाठवायचं. मला हा निर्णय पटतो. जी अट सर्वांना सारखी लागू आहे ती वीस ठिकाणी लिहिली तर कुठेतरी राहून जाणारच.

बेरीजही फसवते. 'सुरुवातीचा ब्लॉक अधिक संख्या, एकूण ब्लॉकपेक्षा जास्त नको' ही अट निर्दोष दिसते. पण दोन्ही आकडे डिस्कवरूनच आलेले असतील आणि बेरीज संख्येच्या मर्यादेपलीकडे गेली, तर ती घड्याळासारखी फिरून लहान होते आणि अट पार होते. म्हणून एक्स्ट-४ आधी विचारतं, बेरीज सुरुवातीच्या आकड्यापेक्षाच लहान झाली का? याखेरीज ते स्वतःच्या दप्तराचे ब्लॉक कुठे आहेत याची यादी मेमरीत ठेवतं, आणि कुणा फाइलचा आयनोड त्या ब्लॉकांवर हक्क सांगू लागला तर अडवतं. गायरानाचा गट खासगी खात्यावर चढवण्यासारखाच हा प्रकार. पेनड्राइव्हवरच्या जुन्या फॅटमध्ये ब्लॉकांची साखळी असते. साखळीचं टोक तिच्याच मध्याला जोडलेलं असेल तर ती कधी संपतच नाही. म्हणून लिनक्समधला फॅटचा कोड पावलं मोजतो, आणि असावीत त्याहून जास्त झाली की साखळीत फेरा असल्याचं जाहीर करतो.

जुन्या कोडमध्ये यातल्या अनेक जागी एक वेगळाच प्रकार आढळायचा: अट मोडली की कर्नल सरळ पाडायचं. लिहिणाऱ्याच्या मनात होतं, 'असं कधी होणारच नाही.' स्वतःच्या कोडची चूक पकडण्यासाठी असा खडा पहारा मी समजू शकतो. पण डिस्कवरून आलेली गोष्ट आपल्या कोडची नसते, ती बाहेरून आलेली असते. आपली गृहीतकं तपासणं वेगळं आणि परक्याचा दाखला तपासणं वेगळं. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे एका खराब पेनड्राइव्हपायी चालता सर्व्हर बंद पडणं इतकी वर्षं शक्य होतं. २०१८ मध्येही एक्स्ट-४ मध्ये सापडलं की मूळ फोल्डरच्या आयनोडवर दुव्यांची संख्या शून्य लिहिली तर माउंट करतानाच कर्नल कोसळतं. मूळ फोल्डरला शून्य दुवे असतील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

डेव्ह चिनर यांनी एक्सएफएसमध्ये केलेली मांडणी मला या संपूर्ण इतिहासातलं सर्वांत विचारी काम वाटते. तपासण्या कोडभर विखुरण्याऐवजी प्रत्येक प्रकारच्या ब्लॉकला त्याचा तपासनीस जोडून दिला. ब्लॉक डिस्कवरून आला की तपासनीस आधी पाहणार, मगच तो बाकीच्या कोडच्या हाती पडणार. डिस्कवर जातानाही तोच तपासनीस पुन्हा पाहणार. वाचताना तपासणं उघड आहे, लिहिताना कशाला? तर मेमरीत उलटलेला बिट, कोडमधली चूक, दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरनं चिखलात उमटवलेलं पाऊल, हे सगळं डिस्कवर कायमचं उमटण्याआधी पकडता यावं म्हणून. खोट्या मजकुरावर खरा शिक्का बसण्याआधीचा हा शेवटचा क्षण. बीटीआरएफएसनं २०१९ मध्ये कर्नल ५.२ पासून लिहिण्याआधीची अशी तपासणी सुरू केली, आणि तेव्हापासून डिस्कवर आळ घेतला जायचा अशा काही प्रकरणांत मेमरीची पट्टी खराब असल्याचं उघड होऊ लागलं.

हल्लेखोराची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्याच्यामुळे या प्रश्नाचा स्वभावच बदलला. बिघाड आंधळा असतो, हल्लेखोर कोड वाचून येतो. २००६ मध्ये स्टॅनफर्डमधल्या जुनफेंग यांग, क्रिस्टियन कादार, डॉसन एंगलर आणि सहकाऱ्यांनी कोडमधल्या प्रत्येक वाटेचं गणित मांडून, त्या वाटेनं नेणारी डिस्क आपोआप रचून दाखवली. एक्स्ट-२, एक्स्ट-३ आणि जेएफएस तिन्हींमध्ये दोष सापडले. २०१६ मध्ये ओरॅकलच्या वेगार्ड नोसम आणि क्वेंटिन कासास्नोवास यांनी फझिंगचं, म्हणजे यादृच्छिक बदल करत राहून कोड पडतो का ते पाहण्याचं तंत्र फाइल सिस्टिमांना लावलं. पहिला दोष सापडायला बीटीआरएफएसला ५ सेकंद लागले, एफ-२-एफएसला १०, एक्सएफएसला पावणेदोन तास, एक्स्ट-४ ला २ तास. २०१९ मध्ये जॉर्जिया टेकच्या जेनस या साधनानं फक्त मेटाडेटाच बदलायचा आणि बदलल्यावर चेकसम पुन्हा बरोबर करून ठेवायचा, ही युक्ती वापरली. त्यानं मुख्य कर्नलमध्ये ९० दोष दाखवले. चेकसम हा हल्लेखोराविरुद्धचा उपाय नाही, याचा याहून ठोस पुरावा नको.

आणखी एक सूक्ष्म प्रश्न आहे: तपासलेली गोष्ट वापरेपर्यंत तशीच राहते का? पेनड्राइव्हच्या आतही एक लहान संगणक असतो. तो पहिल्यांदा सज्जन मजकूर देईल, दुसऱ्यांदा तोच ब्लॉक मागितला तर वेगळाच. म्हणून मेमरीतल्या ज्या प्रतीची तपासणी झाली तीच प्रत वापरायची, आणि मेमरी कमी पडली म्हणून ती टाकून दिली असेल तर पुन्हा वाचल्यावर तपासणीही पुन्हा करायची. लिनक्समध्ये तर घरातच भोक होतं: माउंट केलेली डिस्क ब्लॉक उपकरण म्हणून उघडून प्रशासक तिच्यावर थेट लिहू शकत असे, आणि ते लिखाण फाइल सिस्टिमनं तपासून ठेवलेल्या प्रतीतच उतरत असे. हे बंद करण्याचा पर्याय कर्नल ६.८ मध्ये, म्हणजे २०२४ मध्ये आला.

एकेका ब्लॉकपुरता तपासनीस दोन आयनोडनी एकच ब्लॉक बळकावला आहे का, हे सांगू शकत नाही. त्यासाठी सातबारा आणि आठ-अ समोरासमोर ठेवावे लागतात. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या रेकॉन प्रकल्पानं प्रत्येक व्यवहार डिस्कवर जाण्याआधी असे परस्परसंबंध ताडून दाखवले. एक्सएफएसमध्ये २०१६ पासून, ४.८ या कर्नलपासून, 'ब्लॉककडून मालकाकडे' जाणारं स्वतंत्र दप्तर ठेवता येतं. ते खऱ्या अर्थानं सातबारा आहे, कारण त्याआधी डिस्कवर फक्त 'मालकाकडून ब्लॉककडे' जाणारी आठ-अ ची बाजू होती. या दुहेरी नोंदींच्या बळावर डॅरिक वाँग यांनी डिस्क वापरात असतानाच तिची तपासणी आणि दुरुस्ती करण्याचं काम वर्षानुवर्षं नेटानं पुढे नेलं. गाव चालू असताना मोजणी करायची, कुणाची पेरणी न थांबवता.

चूक सापडल्यावर काय करायचं, याबाबतीत प्रत्येकीची रीत वेगळी आहे. एक्सएफएस स्वतःला बंद करतं, बीटीआरएफएस फक्त वाचण्यापुरतं उरतं, एक्स्ट-४ ला काय करायचं ते आधी सांगून ठेवता येतं. बहुतेकांनी 'रिमाउंट-आरओ', म्हणजे पुढे काही लिहायचं नाही, हेच निवडावं असं मी म्हणेन. सदोष दप्तरावर पुढच्या नोंदी चढवत राहणं हे सर्वांत वाईट.

आता वादाचा मुद्दा. मुद्दाम रचलेल्या डिस्कपासून कर्नलनं पूर्ण संरक्षण द्यायचं का? फाइल सिस्टिमांच्या अनेक देखभालकर्त्यांचं म्हणणं असं, की डिस्क माउंट करण्याचा अधिकार फक्त प्रशासकाचा आहे. त्यानं परकी डिस्क आधी तपासून घ्यावी. आणि परस्परसंबंधांची पूर्ण तपासणी माउंट करतानाच करायची तर प्रत्येक माउंटला एफएससीकेइतका वेळ जाईल. म्हणूनच सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलनं त्याला वेगळ्या काढून दिलेल्या कप्प्यात, एक्स्ट-४ किंवा एक्सएफएस माउंट करायची परवानगी कर्नलनं आजवर दिलेली नाही. हे सगळं खरं आहे. पण टेबलावरचा उबंटू किंवा त्याच्यासारखा दुसरा डेस्कटॉप घ्या: पेनड्राइव्ह खोचला की काही न विचारता फोल्डर उघडतो. प्रशासकाचा अधिकार एका सेवेनं त्याच्या वतीनं केव्हाच वापरलेला असतो.

२०२५ मध्ये ही दरी लख्ख दिसली. अ‍ॅपलच्या जुन्या एचएफएस-प्लस आराखड्यासाठी लिनक्समध्ये जो कोड आहे, त्यात झाडासारख्या सूचीतल्या किल्लीची लांबी डिस्कवरून घेऊन, ती मावते का हे न पाहता, ठरावीक आकाराच्या मेमरीत किल्ली उतरवली जायची. उबंटूवर समोर बसलेला साधा वापरकर्ता स्वतः रचलेली डिस्कची प्रतिमा माउंट करवून संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊ शकतो, हे दाखवलं गेलं. कर्नलच्या बाजूनं उत्तर आलं की केवळ प्रशासकच माउंट करू शकतो अशा फाइल सिस्टिममधले बिघडलेल्या प्रतिमेचे दोष सुरक्षा-दोष म्हणून नोंदले जात नाहीत, मग ते माउंट दुसऱ्या सेवेकडे सोपवलेलं का असेना. हे उत्तर नियमाला धरून आहे, आणि तरीही मला ते मान्य करता येत नाही. कर्नल म्हणतं 'आम्ही दार उघडलं नाही', डेस्कटॉप म्हणतो 'आतल्या कुलपावर आमचा विश्वास होता', आणि मधे ज्याचा संगणक गेला त्याच्या वाट्याला कुणीच येत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं एनटीएफएस आणि फॅटमधले असे दोष दुरुस्त केले, की जे लोकांना रचलेली आभासी डिस्क माउंट करायला लावून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले जात होते. तिथे या दोषांना सुरक्षा-दोष म्हणायला कुणी कचरलं नाही.

वाट दिसते ती वेगळ्या दिशेनं. अनोळखी डिस्क वाचायची तर ती कर्नलच्या बाहेर वाचावी. लिनक्समध्ये फ्यूजमुळे फाइल सिस्टिम साध्या प्रोग्रॅमसारखी चालते, आणि २०१८ पासून ती सामान्य वापरकर्त्याच्या नेमस्पेसमध्येही माउंट होते. तो प्रोग्रॅम पडला तर फक्त तोच पडतो. लिबगेस्टएफएस परकी डिस्क एका चिमुकल्या आभासी यंत्रात उघडतं. अ‍ॅपलनंही एफएसकिट आणून फाइल सिस्टिमांना कर्नलबाहेर जागा करून दिली आहे. वेग थोडा कमी पडतो, पण पेनड्राइव्हवरून लग्नाचे फोटो उतरवताना तो कुणाला जाणवणार आहे? एचएफएस-प्लससारख्या आराखड्यांना ही जागा विशेष साजेल. त्यांच्या कोडची देखभाल करणारी माणसं वर्षानुवर्षं नव्हती, आणि तरी तो टाकून देता येत नाही, कारण कपाटांत अजून कितीतरी जुन्या मॅकच्या डिस्क पडून आहेत आणि त्यांच्यावर कुणाच्या आईचा आवाज आहे, कुणाचा प्रबंध आहे.